रंग ओळखण्यात कमी पडले म्हणून चित्रकला सोडली, आणि पुढं त्यांच्याच कारखान्यानं विहिरीवरचा पंप बनवला

तळेगाव दाभाडेच्या आसपास कुठंही जा. इंदुरीकडं, नवलाख उंबऱ्याकडं, नाहीतर वडगाव मावळच्या बाजूला. शेतातल्या घरात दिवा लागतो, टीव्ही चालतो, मोबाईल चार्ज होतो. विहिरीवर दीड एचपीची छोटी मोटर असते, तिच्यावर घरापुरतं आणि परसातल्या भाजीपुरतं पाणी निघतं. हे सगळं सिंगल फेजवर.

मग एक वर्ष असं येतं की घरात ठरतं, आता गुलाबाचं पॉलीहाऊस टाकायचं. किंवा इंद्रायणी भात निघाल्यावर रान पडीक ठेवायचं नाही, रब्बीत काहीतरी घ्यायचं. दीड एचपीची मोटर आता पुरत नाही. पाच एचपी पाहिजे. आणि पाच एचपी म्हटलं की वायरमन पहिलं वाक्य एकच बोलतो, आधी थ्री फेज घ्या.

तिथून सुरू होतं ते सातबारा, अर्ज, लोडचा हिशेब, कोटेशन, खांब किती लागणार आणि डीपी किती लांब आहे हे सगळं. आणि शेवटी एकदाची मोटर येते. तिच्यावरच्या पत्र्याच्या पट्टीवर बऱ्याचदा एक आडनाव कोरलेलं असतं. किर्लोस्कर.

हे नाव आपल्याकडं इतकं सवयीचं झालंय की त्यामागं एक माणूस होता हे लक्षातच येत नाही. तो माणूस ज्या काळात शेतीची यंत्रं बनवायला निघाला, तेव्हा खेड्यातल्या शेतात विजेची तार येईल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. त्याची गोष्ट सांगण्याआधी थ्री फेज म्हणजे नक्की काय ते दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण पुढं ते लागणार आहे.

उखळात कांडण करताना एकच बाई असेल तर मुसळ वर जातं तेवढा वेळ उखळ रिकामं राहतं. घाव, मग खंड, मग घाव. तीन बाया तीन मुसळं घेऊन एकीमागं एक कांडायला लागल्या की खंड राहत नाही. एकीचं मुसळ वर असतं तेव्हा दुसरीचं खाली आलेलं असतं. सिंगल फेज म्हणजे एकटीचं कांडण. सेकंदाला १०० वेळा तिचा जोर शून्यावर येतो. थ्री फेजमध्ये तीन तारांतली वीज एकीमागं एक, ठरलेल्या अंतरानं येते आणि मोटरला अखंड जोर मिळतो.

एवढंच नाही. या तीन तारा मोटरच्या आत एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि त्याच्या मागं रोटर आपोआप फिरायला लागतो. सिंगल फेजच्या मोटरला सुरुवातीला ढकलायला कंडेन्सर लागतो, हिला लागत नाही. पाच एचपीची मोटर सिंगल फेजवर चालवायची म्हटलं तर तारेतून २५ अँपियरच्या आसपास करंट ओढावा लागेल. थ्री फेजवर प्रत्येक तारेत साधारण साडेसात अँपियर पुरतो. डीपीपासून विहीर चारशे-पाचशे मीटर लांब असेल तर हा फरक फार मोठा, कारण जास्त करंट म्हणजे तार तापणार आणि विहिरीपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज गळणार.

तर आता त्या माणसाकडं येऊ.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. घर विद्वानाचं. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पण लक्ष्मणरावांचं मन पोथीत रमलं नाही. त्यांना दोनच गोष्टींचा नाद, एक चित्रं काढणं आणि दुसरं यंत्रं उघडून बघणं. शाळेच्या अभ्यासात फारसा जीव नव्हता.

१८८५ मध्ये हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. चित्रकार व्हायचं पक्कं होतं. हात चांगला होता, रेषा नेमकी यायची. आणि दोनेक वर्षांनी कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार होऊ पाहणाऱ्या पोराला यापेक्षा वाईट बातमी काय असणार.

दुसरा कुणी गावी परतला असता. यांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची ड्रॉइंग शिकायला घेतली, कारण त्यात रंग लागत नाही, माप लागतं. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचे शिक्षक म्हणून नोकरी लागली. फावल्या वेळात ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे. इंग्रजी पुस्तकं, मासिकं वाचायचे. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडं कधीच नव्हती, जे आलं ते असं बघून, करून, मोडून आलं.

याच काळात सायकल नावाची गोष्ट मुंबईत दिसायला लागली होती. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला थोरल्या भावाकडं धाडायला सुरुवात केली. थोरले भाऊ रामचंद्र, सगळे त्यांना रामूअण्णा म्हणायचे. रामूअण्णा बेळगावात सायकल विकायचे आणि ती चालवायला शिकवायचेही. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव इथून आलं, साल १८८८. ज्या रस्त्यावर ते दुकान होतं त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

पुढं मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावललं गेलं. हक्काची जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात त्यांना दिसत होतं ते सायकल घेणारं गिऱ्हाईक मोजकंच आहे. वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी. पण आजूबाजूला जो लाखोंनी पसरलाय तो शेतकरी, आणि त्याच्या हातात पिढ्यानपिढ्या तीच अवजारं. म्हणून पहिलं यंत्र बनवलं ते कडबा कापायचं. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

इथं जरा थांबायला पाहिजे, कारण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा या नांगरानं दिला.

लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर माती पालथी करतो, खालची वर आणि वरची खाली. हरळी आणि कुंदा ही तणं ज्यांच्या रानात आहेत त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. वरवर उकरून ती मरत नाहीत, मुळासकट उलथावी लागतात. म्हणजे यंत्र उपयोगाचं होतं यात शंका नाही. तरीही ते विकलं जाईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, काळी आई नासते, अशी समजूत होती. सांगतात की पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

आजच्या भाषेत याला मार्केटिंगचा प्रॉब्लेम म्हणतील. पण मला वाटतं शेतकरी तेवढा अडाणी नव्हता. त्याचा हिशेब साधा होता. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यावर नीट करून देतो. हा लोखंडी मोडला तर बेळगावला कोण जाणार? ऐन वाफशावर फाळ तुटला तर हंगाम गेला. यंत्र चांगलं असणं ही अर्धीच गोष्ट. ते बंद पडल्यावर काय, हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न असतो. तेव्हाही होता, आजही आहे.

लक्ष्मणरावांनी हा प्रश्न मनावर घेतला असं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामावरून दिसतं. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवायचा, सुटे भाग मिळतील याची सोय करायची, तक्रार आली की त्यातून पुढचा माल सुधारायचा. नांगर हळूहळू खपायला लागला.

हा स्वदेशीचा काळ होता हेही लक्षात घ्या. १९०५ च्या वंगभंगानंतर आपला माल आपण बनवायचा ही हवा महाराष्ट्रभर होती. आपल्या तळेगाव दाभाड्यात १९०८ ला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो याच हवेत. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला कारखाना, आणि त्यात काचेचं काम शिकवायची सोय. तळेगावातले लोक काच ओतत होते तेव्हा बेळगावात हे भाऊ लोखंड ओतत होते.

तेवढ्यात घात झाला. बेळगाव नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती, आणि किर्लोस्करांचा कारखाना होता ती जागा खाली करायचा हुकूम आला. भट्टी, यंत्रं, कामगार घेऊन जायचं कुठं?

लक्ष्मणराव तेव्हा औंध संस्थानात बांधकामाचं एक काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. चित्रकलेनं लक्ष्मणरावांना एका दारातून बाहेर काढलं होतं, पण एका चित्रकार राजाशी स्नेह जुळला तो असा. बाळासाहेबांना अडचण कळली आणि त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली, वर बिनव्याजी दहा हजार रुपये.

जमीन कसली, माळ. निवडुंगाचं रान आणि त्यात साप. १० मार्च १९१० ला पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथं उतरली. आधी निवडुंग तोडला, मग राहायला छपरं, मग कारखाना. रामूअण्णा वस्तीचं नियोजन बघायचे. शंभोराव जांभेकर इंजिनिअरिंगचं. के. के. कुलकर्णी पडेल ते काम, मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रात डोकं असं की पदवीवाल्यांनी मान डोलवावी. शिवाशिव पाळायची नाही हा वाडीचा नियम होता, आणि ही गोष्ट १९१० च्या दशकातली. दरोडेखोर म्हणून बदनाम असलेल्या माणसाला लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारेकरी नेमलं, ही आठवण सांगली भागात अजून सांगतात.

त्या वस्तीचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. पुढं रेल्वेनं स्टेशनचं नावही तेच केलं.

आता जरा परत मावळात येऊ, कारण याच वर्षांत इथं एक वेगळीच गोष्ट चालली होती.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारं पाणी अडवायचं, घाटाखाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ ला गेले. मुलगा दोराबजींनी ती पुढं नेली. १९१० ला कंपनी निघाली, ८ फेब्रुवारी १९११ ला लोणावळ्यात पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण, शिरवता अशी धरणं बांधली. तिथलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला पाइपातून सोडलं आणि १९१५ मध्ये वीज सुरू झाली. ही वीज तीन फेजचीच होती, कारण एवढ्या लांब आणि एवढी वीज न्यायची तर दुसरा शहाणा मार्ग नाही. ती गेली सत्तर-एक किलोमीटरवरच्या मुंबईत, गिरण्यांना. १९२२ ला आंदर मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला पडायला लागलं. ती वीजही घाटाखालीच उतरली.

म्हणजे बघा, थ्री फेज मावळातून शंभर वर्षांपूर्वीच गेलीय. फक्त मावळातल्या शेतात ती थांबली नाही. पाणी इथलं, डोंगर इथले, धरणाखाली गेलेली जमीनही इथली. शेजारच्या मुळशीत याच कारणावरून १९२१ ला सत्याग्रह पेटला. सेनापती बापट त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. धरण मात्र झालं आणि १९२७ ला भिऱ्याची वीज सुरू झाली.

आणि मावळातल्या विहिरीवर? तिथं मोट होती.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर चाक, त्यावरून नाडा, नाड्याला चामड्याची किंवा पत्र्याची मोठी पिशवी. विहिरीपासून उताराची धाव केलेली. बैलजोडी धावेवरून उतरायला लागली की मोट वर यायची, थारोळ्यात पाणी ओतायची, मग बैलांनी उलट पावली परत चढायचं. दिवसभर हेच. मोटेवरची गाणी आपल्याला गोड वाटतात, पण ती गाणी म्हणावी लागायची कारण पहाटेपासून तेच ते करत राहायचं होतं. विहीर खोल गेली की बैल दमायचे आणि पाणी कमी यायचं.

या मोटेला पर्याय शोधणं हा लक्ष्मणरावांच्या वाडीचा पुढचा टप्पा होता. पण त्याआधी पहिलं महायुद्ध आडवं आलं. बाहेरून लोखंड येईना, रंग येईना. असं सांगतात की कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या किल्ल्यांवरच्या जुन्या, निकामी तोफा वाडीला दिल्या. त्या वितळवल्या आणि त्यातून नांगराचे फाळ निघाले. रंगही वाडीतच बनवायचे प्रयोग झाले. रंग न ओळखणाऱ्या माणसाच्या कारखान्यात रंग तयार होत होता, याची गंमत त्यांना स्वतःलाही वाटली असेल.

१९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून एक पत्रक निघायला लागलं, किर्लोस्कर खबर. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. पुढं त्याचंच किर्लोस्कर मासिक झालं, मग स्त्री आणि मनोहर आली. नांगर बनवणाऱ्या वाडीतून मराठी मध्यमवर्गाची मासिकं निघाली, पण ती एक वेगळी मोठी गोष्ट आहे, ती पुन्हा कधीतरी.

लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनूला अमेरिकेत एमआयटीला धाडलं. तो १९२६ ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आला. बापाकडं पदवी नव्हती, पोराकडं जगातल्या नावाजलेल्या संस्थेची होती, आणि दोघांना एकाच वर्कशॉपमध्ये काम करायचं होतं. १९२० च्या दशकात वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप बनायला लागले. ऑइल इंजिनावरही काम सुरू झालं.

पंपाचं तत्त्व साधं आहे. गोल कवचात एक पंखा वेगानं फिरतो, मधलं पाणी बाहेर फेकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत खालचं पाणी वर येतं. हे खालचं पाणी वर येतं ते खरं म्हणजे हवेच्या दाबामुळं. म्हणून विहिरीच्या काठावर पंप ठेवून कितीही खोलीवरचं पाणी ओढता येत नाही. कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात मीटर गेले की पंप नुसता हवा ओढत बसतो. त्यामुळं जुन्या खोल विहिरींमध्ये आत कट्टा काढून त्यावर पंप बसवलेला दिसतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपही खाली उतरवायचा, पाऊस पडला की घाईनं वर काढायचा.

आता पंप फिरवायचा कशानं? तेव्हा उत्तर एकच, इंजिन. काठावर इंजिन, त्यावरून पट्टा, पट्ट्यावर पंप. ज्यांच्या आजोबांकडं असं इंजिन होतं त्यांना तो आवाज आठवत असेल. एका माणसानं हँडल मारायचं, दुसऱ्यानं डिकॉम्प्रेशनचा खटका पाडायचा, आणि हँडल उलटं बसलं तर मनगट गेलंच. तरी बैलापेक्षा बरं. इंजिन दमत नव्हतं. पण त्याला तेल लागायचं, आणि तेल शहरातून आणायचं, रोख पैसे देऊन.

इथं पुन्हा तोच नांगराचा धडा. इंजिन विकलं आणि विषय संपला असं चालत नाही. नोझल बिघडली, रिंगा गेल्या तर तालुक्याला माणूस पाहिजे. किर्लोस्करांचे विक्रेते आणि मिस्त्री तालुक्यातालुक्यात तयार झाले. आज आपल्याकडं कुठल्याही बाजारपेठेच्या गावात मोटर भरून देणारं एक तरी दुकान असतं, त्याची मुळं शोधायला गेलात तर या इंजिनवाल्या मिस्त्रींपर्यंत पोचाल.

१९४६ मध्ये दोन मोठ्या गोष्टी झाल्या. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. आणि बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक, तिची धुरा लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवी यांच्याकडं. आता विजेच्या मोटरी देशात बनणार होत्या. थ्री फेजच्या या मोटरीत बघण्यासारखं काही नसतं हेच तिचं मोठेपण. ना कार्बन ब्रश, ना कंडेन्सर, ना नोझल. बाहेर गुंडाळलेली तांब्याची तार, आत फिरणारा रोटर, दोन बेअरिंगं. बिघडायला जागाच थोडी. दुकान लांब असणाऱ्या शेतकऱ्यासाठी यापेक्षा योग्य यंत्र सापडणं अवघड होतं.

फक्त वीज पाहिजे होती, आणि ती अजून गावात आली नव्हती.

दोन वर्षांत वाडीवर मोठा आघात झाला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर जी जाळपोळ उसळली त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे. निवडुंग तोडून उभं केलेलं जळालं. ज्या माणसानं शिवाशिव मोडून वस्ती वसवली त्याच्या वस्तीला जातीच्या रागातून आग लागावी हे वाचताना आजही अवघडल्यासारखं होतं. वाडी पुन्हा उभी राहिली. कारखाना आजही तिथंच आहे आणि पंपच बनवतो.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. त्या वेळी महाराष्ट्र हे राज्यही झालं नव्हतं. राज्य झालं १ मे १९६० ला आणि वीज मंडळ स्थापन झालं २० जून १९६० ला. २० जून म्हणजे लक्ष्मणरावांचा वाढदिवस. हा निव्वळ योगायोग, त्यात काही शोधू नका, पण लक्षात राहावा असा आहे खरा. पुढं १९६९ ला त्याच तारखेला, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

वीज मंडळाच्या तारा खेड्यात शिरल्या तसे काठावरचे इंजिन कमी झाले आणि मोटरी आल्या. मोट गेली, धावेवर गवत उगवलं. आज राज्यात सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना साडेसात एचपीपर्यंतच्या पंपासाठी मोफत वीज द्यायची योजना २०२४ पासून लागू आहे. हा आकडा नुसता डोळ्यांसमोर आणा. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागलेल्या माणसाच्या राज्यात ४४ लाख पंप.

पण तळेगावजवळच्या ज्या शेतापासून आपण सुरुवात केली, तिथला प्रश्न अजून बाकी आहे. थ्री फेज घ्यावी का?

पाच एचपी चालवायची असेल तर घ्यावीच लागते. पण हे बघून घ्या. शेतीची थ्री फेज चोवीस तास नसते. पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसाची पाळी असेल तर ठीक. रात्रीची असेल तर बॅटरी घेऊन, सापाविंचवाचं भय काढून बांधावर जावं लागतं. म्हणून लोक स्टार्टरला ऑटो लावतात, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. त्याचाही धोका आहे. विहीर कोरडी असेल किंवा पाइप सुटला असेल तर मोटर कुणाच्या नकळत चालत राहते.

दुसरी गोष्ट, तीनपैकी एक फेज गेली की मोटर घूं करत राहते, फिरत नाही किंवा कण्हत फिरते, आणि काही मिनिटांत आतली तार जळते. मग ती भरायला टाका, दोन दिवस पीक वाळत ठेवा. यासाठी प्रिव्हेंटर मिळतो, एक फेज गेली की तो मोटर बंद पाडतो. मोटरच्या मानानं त्याची किंमत किरकोळ. थ्री फेज बंद असताना दोन तारांवर कंडेन्सर टाकून मोटर पळवायची युक्ती बरेच जण करतात. ती आपली मोटर तर खातेच, पण डीपीवर लोड एकाच बाजूला पडल्यानं ट्रान्सफॉर्मर गेला की सगळ्या शिवाराचं पाणी बंद होतं, आणि ते बंद पडतं नेमकं ऊस-भाजी तहानलेली असताना.

नव्या जोडणीऐवजी सौर पंप घ्या असंही आता सांगितलं जातं. तो घेतलात तरी गंमत अशी की त्यातल्याही बऱ्याच पंपांची मोटर थ्री फेजचीच असते. छतावरच्या पट्ट्यांतून येणारी वीज कंट्रोलर आधी तीन फेजमध्ये बदलतो आणि मग मोटरला देतो. फिरतं चुंबकीय क्षेत्र काही सुटत नाही. मावळात मात्र पावसाळ्याचे चार महिने ऊन किती पडतं याचा हिशेब आधी करा. अर्थात त्या चार महिन्यांत मोटर लावतंय कोण म्हणा.

आणि जोडणी झाली, मीटर बसलं, केबल ओढली, मोटर कट्ट्यावर ठेवली, की शेवटचं काम वायरमनचं. थ्री फेजच्या तीन तारा ओळखायला तीन रंग ठरवलेले आहेत. लाल, पिवळा, निळा. जोडणी करून स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की पहिल्या वेळेस बऱ्याचदा मोटर फिरते पण पाणी येत नाही, आलं तर नुसती धार. सगळे घाबरतात, मोटर खराब निघाली असं वाटतं. झालेलं असतं एवढंच की तीन फेजांचा क्रम उलटा लागलाय, त्यामुळं ते फिरतं क्षेत्र उलटं फिरतंय आणि पंपाचा पंखाही. पंपाच्या कवचावर दिशेचा बाण असतो, तो बघायचा. लाईट बंद करायची, मेन खाली पाडायचा, टेस्टर लावून खात्री करायची आणि कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची. लाल पिवळ्याच्या जागी, पिवळी लालच्या जागी.

लक्ष्मणराव स्वतः कट्ट्यावर बसून हे काम करत असते, तर त्या दोन तारा दाखवायला त्यांनी बहुधा कुणाला तरी हाक मारली असती.